गाडी कोण चालवणार, हे विचारा

सोयाबीनची रास झाली की परभणी जिल्ह्यात ऊसतोडीची लगबग सुरू होते, आणि थंडी पडताच मेडिकलवर सर्दी-खोकल्याचे गिऱ्हाईक वाढते. गंगाखेड, पाथरी भागात रात्रभर उसाचे ट्रॅक्टर पळत असतात. त्यातलाच एखादा चालक दुकानासमोर थांबून म्हणतो, "भाऊ, सर्दीच्या दोन गोळ्या द्या." आपण कात्रीने स्ट्रिप कापतो, दोन गोळ्या त्याच्या हातावर ठेवतो. झोप येण्याची सूचना स्ट्रिपवर छापलेली असलीच, तर ती बहुतेक वेळा आपल्याकडच्या तुकड्यावर राहते.

त्या गोळीत बहुधा क्लोरफेनिरामाइन असते. निम्मे औषध शरीरातून जायलाच अनेकांना वीसेक तास लागतात. आधीच जागरण, त्यात ही गोळी, आणि मागे उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या.

पोलिसांच्या फुंकायच्या यंत्राला दारू कळते, गोळी कळत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८५ मध्ये दारूसाठी १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अशी मर्यादा आहे. औषधाच्या अंमलाखाली गाडी चालवणे हाही त्याच कलमाखाली गुन्हा आहे, पण तिथे असा आकडा नाही. गाडीवर नीट ताबा राहत नाही इतका अंमल, एवढीच कसोटी. म्हणजे अपघाताआधी या माणसाला अडवू शकणारे ठिकाण एकच, आपले काउंटर.

रात्री घेतलेली गोळी सकाळीही अंगात असते. झोल्पिडेममुळे सकाळी गाडी चालवण्यावर परिणाम होतो म्हणून २०१३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने स्त्रियांसाठीचा नेहमीचा डोस १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणायला लावला. डायझेपाम तर त्याहून कितीतरी जास्त काळ टिकते. ही औषधे शेड्यूल एच-१ मधली. त्यांची नोंद आपण रजिस्टरमध्ये करतो, तीन वर्षे जपतो. पण सकाळी सहाला एसटी किंवा काळीपिवळी कोण काढणार आहे, हे विचारत नाही. एव्हिलचे इंजेक्शन घेऊन चिठ्ठीसह आलेल्या माणसाची मोटारसायकल दाराशीच उभी असते, तीही आपण पाहतो.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडवर असलेल्या चालकाचा धोका वेगळा. उपाशीपोटी साखर उतरली की घाम, थरथर, मग भान जाते. त्याला वेळेवर जेवायला आणि खिशात साखर ठेवायला सांगा. डॉक्टरांनी दिलेले औषध मात्र मनाने बंद करू नका, हे प्रत्येकाला बजावा. गुंगी कमी आणणारे औषध चालेल का, हे डॉक्टरांना फोन करून विचारता येते.

फ्रान्समध्ये अशा औषधांच्या खोक्यावर पिवळ्या, नारिंगी किंवा तांबड्या पट्टीत गाडीचे चित्र असते. आपल्याकडे तशी सोय होईल तेव्हा होवो. फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स, २०१५ नुसार रुग्णाला समजावून सांगणे हे आपले काम आजही आहेच. तेव्हा या महिन्यापासून गुंगीच्या प्रत्येक औषधाच्या पाकिटावर पेनाने मराठीत लिहा: 'ही गोळी घेऊन गाडी चालवू नका.' आणि पाकीट देताना ते वाचूनही दाखवा.