ससा आणि साठ चौरस फूट

पाळलेल्या सशाचा पिंजरा घरात कसा सरकत जातो ते पाहा. वाढदिवसाला ससा येतो तेव्हा पिंजरा हॉलमध्ये, टीव्हीशेजारी असतो. पंधरा दिवसांत वास येतो म्हणून तो गॅलरीत जातो. शाळा सुरू होते, पहिली चाचणी येते, आणि पिंजरा ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनला खेटून किंवा थेट गच्चीवर पाण्याच्या टाकीखाली जाऊन बसतो. या घरातल्या कुणीही सशावर हात उगारलेला नसतो. दिवसातून दोनदा कोबीची पानं आणि वाटीभर पाणी न चुकता आत सरकवलं जात असतं. तरीही त्या सशाचे हाल चाललेले असतात, आणि माझ्या मते त्यातल्या बहुतेक हालांचं मूळ जागेत आहे. खाणं, औषधपाणी, माया यांचा प्रश्न त्यानंतरचा.

मराठीत ‘ससा’ या एकाच शब्दावर आपण दोन प्राण्यांचं भागवतो, त्यामुळे घोळ होतो. माळावर किंवा शेताच्या बांधाला दिसणारा रानससा वेगळा. तो बीळ खणत नाही, गवतात दबून बसतो आणि त्याची पिल्लं जन्मतःच केसाळ, उघड्या डोळ्यांची असतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार त्याला पकडता किंवा पाळता येत नाही. दुकानात मिळणारा पांढरा, लाल डोळ्यांचा किंवा कबरा ससा हा मूळच्या स्पेन-पोर्तुगालकडच्या, बिळं करून राहणाऱ्या सशाचा वंशज. त्याची पिल्लं उघडी आणि आंधळी जन्मतात, कारण त्यांच्या डोक्यावर जमिनीचं छप्पर असतं. हा प्राणी गोतावळ्यात राहतो, पहाटे आणि दिवेलागणीला बाहेर पडतो, खणतो, पळतो, मागच्या पायांवर उभा राहून कानोसा घेतो. माणसाळल्यावर रंग बदलले, आकार बदलले, पण ही शरीराची गरज तशीच राहिली.

आता हिशेब करू. बाजारातला नेहमीचा पिंजरा दोन फूट लांब आणि दीड फूट रुंद धरला, तर तीन चौरस फूट झाले. ब्रिटनमधली रॅबिट वेल्फेअर असोसिएशन अँड फंड ही संस्था दोन सशांसाठी किमान तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि एक मीटर उंच जागा सांगते, तीही चोवीस तास मोकळी. म्हणजे साठ-पासष्ट चौरस फूट, आपल्या पिंजऱ्याच्या वीसपट. आकडा ऐकून हे साहेबी लाड वाटतील. पण त्यामागचा विचार अगदी साधा आहे. सशाला ओळीने तीन उड्या मारता याव्यात, कान न टेकता उभं राहता यावं आणि अंग लांब करून झोपता यावं. दोन फुटांत यातलं काहीच होत नाही, पहिल्याच उडीला नाक जाळीवर आपटतं.

कोंडल्याचा परिणाम शरीरावर दिसतो. सशाचा सांगाडा त्याच्या वजनाच्या जेमतेम सात-आठ टक्के असतो, मागच्या पायांत ताकद मात्र भरपूर. हालचाल नसली की हाडं आणखी विरळ होतात, आणि मग कुणी धसमुसळेपणाने उचललं की भेदरून झाडलेल्या स्वतःच्याच लाथेने त्याचा कणा मोडू शकतो. आतड्यांचंही तसंच. ती चालू राहायला तंतुमय गवत लागतं आणि अंगाची हालचालही. दहा-बारा तास सशाने काही खाल्लं नाही, लेंड्या टाकल्या नाहीत, तर ‘उद्या बघू’ म्हणण्याइतका वेळ हातात नसतो. आणि एकदा त्याचा मागचा पाय उलटून पाहावा. कुत्र्या-मांजरासारखी गादी तिथे नसते, फक्त दाट केस असतात. तारेच्या जाळीवर महिनोन्महिने बसून टाचेकडचे केस झिजतात, खाली गुलाबी कातडी दिसू लागते, ती लाल होते, मग तिथे खपली धरते आणि जखम चिघळते. नखं वाढून वळलेली असतात, त्यामुळे सगळा भार त्याच दुखऱ्या टाचेवर येतो. बाहेरून पाहणाऱ्याला ससा फक्त शांत बसलेला दिसतो.

‘आमचा ससा शांतच आहे, त्याला काही त्रास असता तर कळलं असतं,’ हे म्हणणं मला सगळ्यात धोक्याचं वाटतं. ससा शिकार होणारा प्राणी आहे, दुखणं लपवण्यावरच त्याचा जीव टिकतो. तो भुंकत नाही, केकाटत नाही. रात्री गज चावत राहणं, एकाच जागचे केस ओरबाडणं, हात आत गेला की कोपऱ्यात अंग चोरणं, ही त्याची बोली. घाबरलेल्या सशापुढे एरवी पळण्याचा मार्ग असतो. तीन चौरस फुटांत तो नसतो, म्हणून तो चावतो. मग ‘चावरा’ म्हणून त्याच्याकडे कुणी फिरकत नाही.

सगळ्यात वजनदार आक्षेप घराच्या आकाराचा आहे. मुंबईत पुनर्वसनाची घरं तीनशे चौरस फुटांची. त्यात चार-पाच माणसं राहतात, मुलाला अभ्यासाला कोपरा मिळत नाही, तिथे सशासाठी साठ फूट कुठून आणायचे? हा प्रश्न खोटा नाही. पण सशाची जागा आणि आपली जागा पुष्कळदा एकमेकींवर बसतात. दिवाणाखालची, टेबलाखालची जागा आपल्याला निरुपयोगी, त्याला मात्र डोक्यावर छप्पर असलेलं बीळच हवं असतं. त्याची धावपळीची वेळ पहाटेची आणि संध्याकाळची, भर दुपारी तो पडून असतो. पिंजऱ्याचं दार कायमचं उघडं ठेवायचं, भोवती घडीचं कुंपण लावायचं आणि सकाळ-संध्याकाळ तेही काढून खोली मोकळी करायची, इतकं वन रूम किचनमध्येही जमू शकतं. सांगितलेलं माप तंतोतंत भरणार नाही, पण तीन फुटांपेक्षा ते किती तरी बरं. हेही जमणार नसेल, तर ससा आणू नये. छोट्या पिंजऱ्यात भागतं म्हणूनच तो आणला जातो, आणि चूक तिथेच होते.

वायर कुरतडेल, घाण करेल, ही भीती रास्त आहे आणि तिला उपाय आहेत. वायरी पाइपात घालाव्या किंवा उंचावरून न्याव्या. सशाचे दात आयुष्यभर वाढत असतात, कुरतडणं ही त्याची गरजच आहे. त्याला वाळलेलं गवत ढीगभर दिलं की फर्निचरचा मोह बराच कमी होतो. ससा बहुधा एकाच कोपऱ्यात लघवी करतो. तिथे पसरट ट्रे ठेवून कागद आणि वर गवत टाकलं की तो तिथेच बसून खातो आणि तिथेच विधी उरकतो. खच्चीकरण झालेला असेल तर ही सवय आणखी पक्की होते. नर-मादी एकत्र ठेवायची असतील तर शस्त्रक्रिया आधी, कारण मादी साधारण महिन्याभरात विते आणि व्यायल्याबरोबर पुन्हा गाभण राहू शकते.

आपल्या घरांत आणखी एक अडचण असते ती गुळगुळीत फरशीची. तिच्यावर केसाळ पाय फाकतात आणि मोकळं सोडलेला ससा एकाच जागी खिळून बसतो. मग घरचे म्हणतात, ‘बघा, त्याला फिरायचंच नाही.’ जुनी सतरंजी किंवा गोणपाट अंथरून पाहावं. आणि उन्हाळा! सशाला घाम येत नाही, अंगातली उष्णता मुख्यतः कानांतून बाहेर पडते, तिशीच्या पुढे पारा गेला की त्याला त्रास होऊ लागतो. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात पत्र्याखालचा किंवा गच्चीवरचा पिंजरा म्हणजे त्याचा जीव घेणंच आहे.

कायदाही जागेबद्दल बोलतो. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या अकराव्या कलमात, प्राण्याला पुरेशी हालचाल करता येणार नाही इतक्या लहान पिंजऱ्यात ठेवणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये, म्हणजे धाक शून्य. पण २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नागराजा खटल्यात जनावरांच्या पाच स्वातंत्र्यांना याच कायद्याचा आधार दिला, आणि स्वाभाविक वर्तन करता येणं हे त्यातलंच एक. तेव्हा सशाला पळायला जागा देणं ही मर्जीची बाब राहत नाही.

ज्यांना खरोखर जमत नाही त्यांनी ससा दुसऱ्या चांगल्या घरी द्यावा, त्यात कमीपणा नाही. मात्र ‘मोकळा सोडला’ म्हणून बागेत किंवा माळावर सोडू नये. ही माती त्याची नाही, तिथे तो कुत्र्या-मांजरांपुढे फार तग धरत नाही. ‘फुकट देणे आहे’ म्हणून पहिल्या विचारणाऱ्याच्या हातीही देऊ नये. आधी ते घर पाहावं, ससा कुठे राहणार ते विचारावं, आणि उत्तर पिंजऱ्याच्या मापाने सुरू झालं तर परत फिरावं. चांगली निगा असेल तर ससा आठ-दहा वर्षं जगतो, तेव्हा दहावीत गेलेल्या मुलाच्या भरवशावर हा निर्णय सोडता येत नाही.

दीर्घकाळ कोंडलेला ससा दार उघडल्या उघडल्या धावत सुटेल ही अपेक्षा मात्र ठेवू नये. पहिले काही दिवस तो उंबऱ्यापर्यंत येतो, मान लांब करून हुंगतो आणि मागे सरतो. त्याला उचलून बाहेर ठेवू नये. जमिनीवर बसावं, शेजारी कोथिंबिरीची काडी ठेवावी, आपलं काम करत राहावं. पायांत बळ यायला आठवडे लागतात. मग एका संध्याकाळी तो अचानक हवेत उडी घेतो, डोकं एका बाजूला, पाय दुसऱ्या बाजूला. आणि त्यानंतर केव्हातरी भर खोलीत, सतरंजीच्या मधोमध, धप्पकन कुशीवर कोसळतो, पाय ताणलेले, पोट उघडं. पहिल्यांदा पाहणारे घाबरून धावतात, ससा गेला असं वाटून. जवळ जाऊन पाहिलं तर नाक हळूहळू हलत असतं. तो झोपलेला असतो.