नोकरीला निघालेल्या मुलाच्या हाती कागद हवा

शिरूरच्या कापडबाजारात पूर्वी मुलगा दहावी झाला की दुकानाच्या गादीवर बसे, नाहीतर शिलाई मशीनवर. आता तो पहाटे कंपनीच्या बसची वाट पाहत हमरस्त्यावर उभा असतो. रांजणगावची वसाहत हाकेच्या अंतरावर. एलजीचा कारखाना तिथे २००४ साली आला. दौंडच्या मुलांना कुरकुंभ जवळ. तिथे रसायनांचे काम, पहिल्या दिवशीची सुरक्षेची माहिती डुलक्या घेत ऐकली तर जिवावर बेतते. बिरादरीतील वडीलधाऱ्यांना मुले धंद्यातून गेल्याचे दुःख आहे. आम्हांलाही झाले, खोटे कशाला बोलावे!

आमच्याकडे सात वर्षे कापड मोजणारा एक मुलगा नुकताच सुट्या भागांच्या एका कारखान्यात लागला. पहिले दोन दिवस त्याला कामाला हात लावू दिला नाही. कंपनीचे ध्येय काय, शिस्त काय, हेच सांगितले. आपण ब्रेकचे भाग बनवतो म्हणजे लोकांचे जीव सांभाळतो, हे त्याच्या मनात चांगलेच भरले. तिसऱ्या दिवशी पट्ट्यावर उभे केले. तिथला वेग असा की घाम पुसायला सवड नाही. मालात दोष दिसला तर बटण दाबून काम थांबवायचे, असा नियम. त्याला दोष दिसला, पण हात उचलेना. साहेब काय म्हणतील? ठाणात डाग दिसला की आधी मालकाच्या तोंडाकडे पाहायचे, ही सवय त्याला आमच्याच दुकानात लागलेली.

आम्ही विचारले, "नेमणुकीचे पत्र कुठे आहे?" म्हणाला, "ठेकेदाराकडे असेल." म्हणजे ध्येय कंपनीचे आणि पगार ठेकेदाराचा!

व्यापारी बंधूंनी इथे लक्ष द्यावे. मुलगा कंपनीचा नोकर, ठेकेदाराचा माणूस की शिकाऊ उमेदवार, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे. १९६१ च्या कायद्याखालील शिकाऊ उमेदवाराला विद्यावेतन मिळते, तो कामगार धरला जात नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या; त्यांत कामगाराला नेमणूकपत्र देणे बंधनकारक आहे. पगारातून भविष्य निर्वाह निधीचे १२ टक्के कापले जात असतील तर ते खात्यात जमा होतात का, हे मोबाइलवर पाहता येते. पत्र इंग्रजीत असते. आम्ही उर्दू शाळेत शिकलेले, आमच्याने ते वाचवत नाही. जाणत्याकडून वाचून घ्यावे, लाज कसली?

हे सारे आम्ही त्याला ऐकवले. तो शांतपणे म्हणाला, "चाचा, सात वर्षांत तुम्ही मला कुठला कागद दिलात?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दुकानाच्या छापील कागदावर त्याच्या सात वर्षांच्या कामाचा दाखला मराठीत लिहून दिला. दोन ठिकाणी शुद्धलेखन चुकले, ते त्यानेच दुरुस्त केले. दुकानात अजून दोघे आहेत. त्यांची पत्रे लिहायची राहिली आहेत.