जाजाचे नागरिकत्व आणि फिलिपिन्सपुढील प्रश्न

जाजा सांतियागो या फिलिपिन्सच्या आघाडीच्या व्हॉलीबॉलपटूने २०२४ मध्ये जपानचे नागरिकत्व स्वीकारले आणि ‘साची मिनोवा’ हे नाव धारण केले. तिचे पती टाका मिनोवा हे जपानी व्हॉलीबॉल प्रशिक्षक आहेत. त्यामुळे या निर्णयाकडे एका कुटुंबाचा खासगी निर्णय म्हणून पाहता आले असते. परंतु सहा फूट पाच इंच उंचीची आणि जाळीच्या मध्यभागी भिंतीसारखी उभी राहणारी अशी मिडल ब्लॉकर फिलिपिन्सला वारंवार लाभत नाही. म्हणूनच एका खेळाडूच्या पासपोर्टपुरता हा विषय मर्यादित राहिला नाही.

मनिलालगतच्या काव्हिते प्रांतातील तान्झा येथे १९९६ मध्ये जाजाचा जन्म झाला. थोरली बहीण दिनदिन हीदेखील व्हॉलीबॉलपटू. फिलिपिन्समध्ये या खेळाचा पाया विद्यापीठांनी घातला आहे. ‘युआप’ या आंतरविद्यापीठ स्पर्धेच्या सामन्यांना मनिलात हजारोंची गर्दी लोटते आणि त्यातील खेळाडूंना चित्रपट तारकांसारखे वलय लाभते. नॅशनल युनिव्हर्सिटीकडून खेळताना जाजाने २०१८ मध्ये या स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला. विजेतेपद मात्र तिच्या हाती लागले नाही. तिच्या विद्यापीठाने ६५ वर्षांची प्रतीक्षा संपवली ती २०२२ मध्ये. तोवर ती विद्यापीठाबाहेर पडली होती.

२०१८ मध्येच ती जपानच्या आगेओ मेडिक्स संघात दाखल झाली. मायदेशाशी तिचे नाते तेव्हा तुटले नाही. फिलिपिन्सच्या ‘प्रीमियर व्हॉलीबॉल लीग’ने २०२१ मध्ये व्यावसायिक रूप घेतले. त्या पहिल्याच स्पर्धेत तिने चेरी टिगो संघाला अजिंक्यपद मिळवून दिले आणि सर्वोत्तम खेळाडूचा किताबही पटकावला. परंतु तिचा मुक्काम जपानमध्येच राहिला. २०२३ मध्ये ती जेटी मार्व्हलसमध्ये गेली. ओसाका मार्व्हलस असे नवे नाव घेतलेल्या याच संघाने २०२५ मध्ये जपानच्या पहिल्या ‘एसव्ही लीग’चे महिलांचे विजेतेपद जिंकले.

नागरिकत्वाचे महत्त्व समजण्यासाठी तेथील नियम पाहावे लागतील. जपानी लीगमध्ये परदेशी खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा असते आणि आशियाई खेळाडूंसाठी स्वतंत्र जागा राखलेली असते. फिलिपिनो आणि थाई खेळाडूंना जपानचे दार उघडले ते प्रामुख्याने या जागेमुळे. मात्र त्या मोजक्या जागांसाठी चढाओढ मोठी. जपानी नागरिक होताच हे बंधन गळून पडते. याची किंमतही आहे. फिलिपिन्सचा २००३ चा कायदा परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळ नागरिकांना आपले नागरिकत्व पुन्हा मिळवण्याची मुभा देतो. जपानचा कायदा मात्र नव्या नागरिकाकडून पूर्वीचे नागरिकत्व सोडण्याची अपेक्षा करतो. शिवाय पासपोर्ट बदलला म्हणून राष्ट्रीय संघ आपोआप बदलत नाही. त्यासाठी जागतिक महासंघाची वेगळी परवानगी लागते.

मग मायदेशाने तिला काय दिले? राष्ट्रीय महिला संघ २००५ च्या कांस्यपदकानंतर आग्नेय आशियाई क्रीडा स्पर्धेत थेट २०१५ मध्ये उतरला. त्या संघात १९ वर्षांची जाजा होती. त्याच वर्षी जुन्या राष्ट्रीय महासंघाची जागा नव्या संघटनेने घेतली आणि २०२१ मध्ये तीही जाऊन तिसरी आली. प्रेक्षक विद्यापीठांकडे, पैसा क्लबांकडे आणि राष्ट्रीय संघाच्या वाट्याला उरलेले दिवस, अशी ही विभागणी होती. २०१९ मध्ये घरच्या मैदानावर आणि २०२२ मध्ये व्हिएतनाममध्ये फिलिपिन्सला चौथ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले, त्यात नवल नव्हते.

जाजाच्या निष्ठेबद्दल शंका घेणाऱ्यांना आणखी एका विसंगतीचे उत्तर द्यावे लागेल. बास्केटबॉलसाठी फिलिपिन्सच्या संसदेनेच खास कायदे करून परदेशी खेळाडूंना नागरिकत्व बहाल केले आहे. अमेरिकेचा जस्टिन ब्राउनली २०२३ मध्ये असाच फिलिपिनो झाला. त्याच वर्षी त्याच्या खेळाच्या बळावर या देशाने हांगझोऊ येथे १९६२ नंतरचे पहिले आशियाई सुवर्ण जिंकले, तेव्हा जल्लोषच झाला. परदेशात राबणाऱ्या परिचारिका, खलाशी आणि घरकामगारांचा गौरव हा देश ‘आधुनिक वीर’ म्हणून करतो. येणाऱ्याचे नागरिकत्व हा अभिमान आणि जाणाऱ्या खेळाडूचे नागरिकत्व ही प्रतारणा, हा न्याय टिकणारा नाही.

दिलाशाची बाब अशी, की चित्र बदलते आहे. जपानमध्येच खेळणाऱ्या जिया दे गुझमनच्या नेतृत्वाखाली फिलिपिन्सच्या महिलांनी २०२४ मध्ये मनिलात आशियाई चॅलेंज चषकाचे कांस्यपदक जिंकले, तर २०२५ मध्ये हनोईतील नेशन्स चषकात रौप्यपदक मिळवले. खेळाडू परदेशी लीगमध्ये घडून मायदेशासाठी खेळू शकतात, हे यातून सिद्ध झाले. फरक पडला तो संघाला मिळालेल्या सरावाचा आणि स्थिर व्यवस्थेचा. जाजाच्या उमेदीच्या वर्षांत हीच व्यवस्था उभी असती, तर तिने तोच निर्णय घेतला असता का, हे सांगता येणार नाही. पण तिला मायदेशी थांबण्याचे एक कारण तरी मिळाले असते. पुढच्या पिढीतील गुणवान मुलींना ते कारण देणे हेच मनिलातील क्रीडा प्रशासकांचे काम आहे.