गोधडी कुणाची, ते आधी लिहा

अर्धवट गोधडी म्हणजे आळस, असं म्हणणाऱ्यांनी जन्मात गोधडीला टाका घातलेला नसतो. वर्ष सरत आलं की हीच मंडळी सल्ले घेऊन येतात. संकल्प करा, रोज अर्धा तास काढा, महिन्याला एक गोधडी हातावेगळी करा, फोटो टाका. शिवणाऱ्या बायका हे मनावर घेतात, नवी वही आणतात, पहिल्या पानावर 'श्री' लिहितात, आणि संक्रांतीपर्यंत ती वही दूधवाल्याच्या हिशेबाला लागते. यात बायकांचं काही चुकत नाही. उद्दिष्टच भलत्या जागी ठेवलेलं असतं.

माझी उमेदीची सगळी वर्षं महसूल खात्यात गेली. तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले, तेव्हा प्रलंबित कामाची भीती मला कुणी घालू नये. काम पडून आहे म्हणून मला घाम फुटत नाही. ते कशासाठी पडून आहे हे कागदावर नसलं की फुटतो. 'झिरो पेंडन्सी'चे फलकही मी पाहिले आहेत. फलक लागला की टेबलं चकाचक होतात आणि कपाटांची दारं लागेनाशी होतात.

सहा गठ्ठ्यांची पद्धत मात्र मला मनापासून पटते. ज्यांनी सरकारी कचेरी फक्त खिडकीबाहेरून पाहिली आहे त्यांच्यासाठी सांगते: कारकुनानं आपल्याकडच्या कागदांचे सहा गठ्ठे करायचे. एक, आज हातात असलेली प्रकरणं. दुसरा प्रतीक्षाधीन, म्हणजे कुणाच्या तरी उत्तरासाठी थांबलेली. तिसरा नियतकालिकं, ठरल्या मुदतीला पाठवायची. चौथा स्थायी आदेश. पाचवा, काम संपून अभिलेख कक्षात जायची. सहावा, नष्ट करायची. निवृत्तीनंतर दिवाणातली बोचकी मी याच पद्धतीनं लावली. सूनबाई हसल्या. हसू देत.

हातातलं काम एका वेळी एकच, यात बोलण्यासारखं काही नाही. नियतकालिकं म्हणजे दुपटी. नात्यात, इमारतीत कुणाला सातवा महिना लागला की दुपटं शिवायला घ्यायचं, आणि त्याची मुदत आपण ठरवत नसतो. बाळाचं दुपटं अर्धवट राहिलेलं मी तरी पाहिलं नाही. हे ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल.

प्रतीक्षाधीन गठ्ठा सगळ्यात जाड. आत्याचं इरकली लुगडं मिळालं की मधला चौकोन लावू, म्हणून गोधडी थांबलेली असते, आणि आत्या ते लुगडं रोज नेसत असते. लाल काठाची पट्टी कमी पडली, तसला लाल कुठे दिसला की घेऊ, म्हणून दुसरी थांबलेली. कचेरीत अशा प्रकरणाला स्मरणपत्र जातं, दुसरं जातं, आणि मग उपलब्ध कागदपत्रांवरून निर्णय घेतला जातो. आत्याला दोनदा आठवण करून द्यावी आणि तिसऱ्यांदा उपलब्ध कापडावरून निर्णय घ्यावा. गोधडीचा जन्मच मुळी उपलब्ध कापडावरून झालेला आहे. तसलाच लाल हवा, ही दुकानात कापड घेणाऱ्यांची खोड झाली.

स्थायी आदेश माझ्याकडे एकच आहे: पॉलिस्टरची साडी पोटात घ्यायची नाही. सुती नऊवारी साधारण आठ मीटरची. तिचे चार तुकडे केले की दोन-दोन मीटरचे चार थर होतात, म्हणजे एका माणसाची गोधडी एका लुगड्यात बसते. धुऊन धुऊन मऊ पडलेलं ते सूत थराला थर धरून ठेवतं. सिंथेटिक साडीचं तसं नाही. कच्चे टाके कितीही घाला, चार फेरे झाले की खालचा थर सरकतो, झोळ येतो, सुई कुरकुरायला लागते आणि शिवणारीचं मन उडतं. तिला वाटतं आपल्यात चिकाटी नाही. वर्षानुवर्षं पडून राहिलेली गोधडी एखादा कोपरा उसवून पाहा. बऱ्याचदा आत हीच साडी निघते.

आता प्रगती मोजायची कशी. तासांनी मोजू नका, गोधड्यांनी तर मुळीच नको. फेऱ्यांनी मोजा. आमच्या वाईकडे कडेपासून सुरुवात करून चारी बाजूंनी फिरत फिरत आत जायचं, अशी धावदोऱ्याची रीत. बोटभर अंतरावर दुसरा फेरा, मग तिसरा. सात फूट लांब, पाच फूट रुंद गोधडी धरली तर पहिला फेरा २४ फुटांचा होतो. तो संपता संपत नाही. पण प्रत्येक फेरा आधीच्यापेक्षा लहान असतो, आणि हिशेब इथेच फसवतो. कडेपासून मध्यापर्यंत अडीच फूट. सव्वा फूट आत आलात की वाटतं निम्मं झालं, अजून एवढंच बाकी. करून पाहा: साडेचार गुणिले अडीच, म्हणजे ३५ चौरस फुटांपैकी सव्वाअकराच राहिलेले असतात. निम्म्या वाटेवर दोन-तृतीयांश काम झालेलं असतं. आणि नेमक्या याच जागी बायका गोधडी घडी करून ठेवतात! मी खालच्या मजल्यावरच्या मुलीला हा गुणाकार पेन्सिलनं गोधडीवरच काढून दाखवला, तेव्हा तिनं पुन्हा सुईत दोरा ओवला.

मध्यावर गोधड्या अडतात त्याला अंगाचंही कारण आहे. शिवलेला भाग आतवर आला की सगळं ओझं मांडीवर येतं, हात मधोमध पोचत नाही, पाठ धरते. कडेला बसून टाका घालणं आणि वाकून मध्यात टाका घालणं, यांत वयाच्या वीस वर्षांचं अंतर आहे. त्यावरचा उपाय शेवटी सांगते, कारण तो एकटीच्या हातात नाही.

माझी भाची न्यू जर्सीत असते. तिकडे शिवणाऱ्या बायकांत एक रीत आहे म्हणून सांगत होती. आपल्या बारा अर्धवट कामांना १ ते १२ आकडे द्यायचे, दर महिन्याला एक आकडा निघतो, ज्याचा निघेल ते काम त्या महिन्यात पुढे न्यायचं. "मावशी, तूही यादी कर की." रीत वाईट नाही. आधी कुठलं घेऊ या घोळात जाणारे आठ दिवस वाचतात. पण त्यांचा ढीग आणि आपला ढीग वेगळा आहे. तिकडे आधी तुकडे जोडून वरची बाजू पुरी करतात, मग आत भरण, खाली अस्तर, मग तिन्ही एकत्र शिवणं, शेवटी कडेची पट्टी. प्रत्येक टप्प्यावर थांबायला जागा. भाचीच्या कपाटात नुसत्या वरच्या बाजूच टांगलेल्या आहेत, देखण्या, आणि कुणाच्याही अंगावर पडायच्या नाहीत. आपल्या गोधडीत थर अंथरला, तुकडा ठेवला, टाका घातला, सगळं एकदमच चालतं. तेव्हा आकडे काढून आपलं भागत नाही. आपलं अडतं ते निराळ्याच ठिकाणी.

ते ठिकाण म्हणजे नाव. ही गोधडी कोण पांघरणार? मी प्रत्येक बोचक्याला टाचणीनं चिठ्ठी लावते. 'धाकट्या जाऊबाई, सातारा. गुडघे दुखतात, वजन सोसत नाही.' एवढं लिहिलं की तीनच थर घ्यायचे हे ठरलं, लांबी ठरली, फिकट रंग नकोत हेही ठरलं, कारण जाऊबाई चहा अंथरुणात घेतात. नाव नसलं की हे सगळे प्रश्न उघडे राहतात, आणि रोज सुई हातात घेताना त्यांतला एखादा पुन्हा विचारला जातो. 'आपल्याला छान वाटलं म्हणून', 'कुणाला तरी देता येईल', असल्या कारणांनी घेतलेल्या गोधड्या मध्यावर पोचायच्या आत थंड पडतात. दुपटं का पुरं होतं ते आता निराळं सांगायला नको.

अमेरिकेत अलाबामा राज्यात गीज बेंड नावाची कृष्णवर्णीयांची वस्ती आहे, गुलामीच्या काळातल्या कापसाच्या मळ्यावर वसलेली. तिथल्या बायकांनी शेतावरच्या जुन्या कपड्यांतून शिवलेल्या गोधड्या २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात मांडल्या गेल्या आणि जग बघत राहिलं. त्यांतल्या मिसूरी पेटवे या बाईनं १९४२ साली नवरा वारल्यावर त्याचेच कामावरचे कपडे फाडून गोधडी शिवली, त्याची आठवण राहावी आणि ती पांघरून झोपता यावं म्हणून. तिनं कुठला संकल्प सोडला असेल असं मला वाटत नाही. रात्री पांघरायचं कोणी, हे तिला पहिल्या टाक्याआधी ठाऊक होतं.

नाव लिहिता येत नसेल तर? मग तो पाचवा-सहावा गठ्ठा. समोरच्या वहिनींकडे त्यांच्या सासूबाईंनी अर्धी शिवून ठेवलेली गोधडी आहे. सासूबाई गेल्या, आणि येणारी-जाणारी प्रत्येकजण वहिनींना म्हणते, पुरी करून टाका, त्यांच्या आत्म्याला बरं वाटेल. मी उलगडून पाहिली. बारीक, एकसारखे टाके, आणि शेवटच्या फेऱ्यात एकदम मोठे, वाकडे झालेले. नजर गेली होती त्यांची. त्यावर आपण कशाला फेरे घालायचे? कचेरीत 'अ' वर्गाचं दप्तर कायम जपतात, त्यात कुणी नव्यानं नोंद करत नाही. वहिनींना म्हटलं, लिंबाचा पाला घालून कपाटात ठेवा, आणि पुन्हा कुणी विचारलं तर प्रकरण निकाली निघालं म्हणून सांगा. वहिनींच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली, ती एखादी गोधडी पुरी केल्यावरही दिसली नसती. आणि 'ड' वर्ग, म्हणजे वर्षभरात नष्ट करायचे कागद, तोही गोधड्यांत असतो. चर्रकन उसवा, चांगलं कापड काढून घ्या, बाकीचं पायपुसण्याला. उसवायचीही तारीख घालून ठेवावी. तेही उद्दिष्टच आहे.

घरात पांघरणारं कुणी उरलेलं नाही, मुलं ब्लँकेटवाली झाली, अशी अडचण पुष्कळजणी सांगतात. पांघरणारी माणसं कमी झालेली नाहीत, आपल्या उंबऱ्याच्या आत नाहीत एवढंच. दिवाळीच्या सुमाराला गाळप हंगाम सुरू होतो, बीडकडची ऊसतोडीची बिऱ्हाडं सातारा-सांगली-कोल्हापुरात उतरतात, आणि ऐन थंडीत लेकरांसकट पाचटाच्या कोप्यांत राहतात. तिथे गोधडी द्यायची तर ३१ डिसेंबर ही तारीख निरुपयोगी आहे. तोवर निम्मी थंडी त्या लेकरांनी काढलेली असते. दसऱ्याला गोधडी तयार पाहिजे. माझ्या आजीच्या पिढीलाही मुदत होतीच, फक्त ती भिंतीवरच्या कॅलेंडरनं दिलेली नव्हती. सुगी उरकली की चैत्र-वैशाखात वाकळा शिवायच्या आणि मृग लागायच्या आत जुन्या वाकळा कृष्णेवर धुऊन वाळवायच्या, कारण एकदा पाऊस धरला की भिजलेली वाकळ आठ-आठ दिवस वाळत नाही. मुदत पावसानं घातली होती, थंडीनं घातली होती. तिच्याशी घासाघीस चालत नसे.

आणि त्या बायका एकट्या शिवत नव्हत्या. ओसरीवर वाकळ पसरायची, चार बाजूंना चौघी बसायच्या, प्रत्येकीनं आपल्या बाजूनं आत यायचं. मध्याचं ओझं कुणा एकीच्या मांडीवर पडत नसे. एकीचा खांदा धरला की दुसरी तिच्या जागी बसे. चौघींचे टाके चार तऱ्हेचे दिसतात म्हणून आज नाकं मुरडली जातात. मुरडू देत, पांघरणाऱ्याला टाके टोचत नाहीत. फ्लॅटमध्ये मात्र दिवाण, टीपॉय आणि टीव्ही यांच्या मधून सात बाय पाच अंथरायला फरशीच उरत नाही. अर्धवट गोधड्यांचं हे कारण संकल्पांच्या वहीत कुणी लिहीत नाही.

फरशी आहे. आमच्या सोसायटीचा हॉल आठवड्यात पाच दुपारी कुलपात असतो. समितीचं म्हणणं असं की दोरे पडतात, सुया पडतात, आणि वापरायचाच तर वाढदिवसाला घेतो तेवढं भाडं भरा. वाढदिवसाच्या केकचं क्रीम पंख्यापर्यंत गेलेलं मी पाहिलं आहे, पण ते असो. दर बुधवारी दुपारी दोन ते पाच हॉल मिळावा, सुया मोजून नेऊ व मोजून आणू, हॉल झाडून परत देऊ, असा लेखी अर्ज मी दिला आहे. खाली सात जणींच्या सह्या आहेत. पोच घेतली आहे. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही, तर पहिलं स्मरणपत्र लिहून तयार आहे.