भूकंप, गावठाण आणि गल्लीचा निर्णयाधिकार

१/ २४ एप्रिल १९९३ रोजी ७३वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि ग्रामसभेला राज्यघटनेत स्थान मिळाले. त्यानंतर पाचच महिन्यांनी, ३० सप्टेंबरच्या पहाटे, लातूर आणि उस्मानाबाद (आजचा धाराशिव) जिल्ह्यांत भूकंप झाला. सास्तूरसारखी गावे उद्ध्वस्त झाली. लोकांच्या घरांविषयी निर्णय कोणी घ्यायचा, हा प्रश्न अचानक पुस्तकाबाहेर आला.

२/ पुनर्वसनाचे दोन मार्ग ठरले. सर्वाधिक हानी झालेली ५२ गावे नव्या जागी वसवायची. अन्य गावांतील घरे शासकीय मदतीतून मालकांनीच दुरुस्त करायची.

३/ नव्या गावठाणांत घराचा आकार जमीनधारणेवरून ठरला : २५०, ४०० किंवा ७५० चौरस फूट. बैठका झाल्या, तरी अनेक आराखडे शहरी वसाहतीच्या धर्तीवरच उतरले. रुंद रस्ते आले, एका ओळीत घरे आली. पण पिढ्यान्‌पिढ्यांचा शेजार विखुरला. घर मिळाले, गल्ली हरवली.

४/ दुरुस्तीच्या गावांत मदत हप्त्याहप्त्याने कुटुंबाच्या हाती आली. ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या सहभागातून महिला मंडळांतील स्त्रिया ‘संवाद सहायक’ झाल्या. शासकीय योजना घरोघरी समजावणे आणि घराघरांतील अडचणी अधिकाऱ्यांपर्यंत नेणे, हे त्यांचे काम. येथे लोकसहभागाला पैशाचे आणि माहितीचे बळ होते.

५/ अर्थात, शेजार म्हणजे समता नव्हे. जुन्या गावाच्या गल्ल्या जातीनुसार वसलेल्या होत्या. निर्णय नुसताच खाली सोपवला, तर तो गल्लीतल्या बलवानाच्या ओसरीवर जाऊन बसतो. म्हणूनच संवाद सहायकांचे महत्त्व मोठे : चावडीवर ज्यांना जागा नव्हती, त्यांच्या हाती काम आले.

६/ आता शहराकडे पाहू. ७४व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या बंधनकारक केल्या, पण ३ लाख वा अधिक लोकसंख्येच्या शहरांपुरत्याच. २०११च्या जनगणनेनुसार धाराशिव शहराची लोकसंख्या सुमारे १.१२ लाख. म्हणजे लहान खेड्यातील मतदाराला घटनेने सभा दिली. जिल्ह्याच्या मुख्य शहरातील मोहल्ल्याला मात्र तशी हमी नाही.

७/ ही उणीव दूर व्हायलाच हवी. मात्र मोहल्ला सभा केवळ कागदावर नको. तिच्या हाती निधी हवा, तिला हिशेब मागता यावा आणि तिच्यात स्त्रियांना व वंचितांना खात्रीचे स्थान असावे. १९९३ नंतरच्या या जिल्ह्याचा इतिहास हेच सांगतो : निर्णय ज्यांच्या उंबरठ्यावर येऊन पडतो, त्यांना तो घेताना विचारलेच पाहिजे.