नकली कॅसेटचा खरा हिशेब

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयी कायदा केला. पैसे लावून खेळण्यास बंदी आणि ई-स्पोर्ट्सला प्रोत्साहन, ही त्याची दोन अंगे. व्हिडिओ गेम अखेर राष्ट्रीय धोरणाचा विषय झाला, हे चांगलेच. मात्र आपल्याकडे या खेळांचे बालपण चोरीच्या मालावर पोसले गेले, याचा विसर पडू नये.

नव्वदच्या दशकात, रायपूर मध्य प्रदेशात असताना, मुलाच्या हट्टाखातर मी मालवीय रोडवरून टीव्हीला जोडायचा खेळ आणला. निन्टेन्डोने १९८३ मध्ये जपानात विक्रीस आणलेल्या फॅमिकॉमची ती नक्कल होती. कॅसेटवर '९९९९ इन १' असे छापलेले. प्रत्यक्षात मोजकेच खेळ नावे बदलून पुन्हा पुन्हा येत. मी इतिहासाचा विद्यार्थी. मला खटकले ते वेगळेच. पडद्यावरून निर्मात्याचे नाव पुसलेले होते. तरीही शासकीय सेवेतील मी, पावती न मागता पैसे देऊन मोकळा झालो.

कायदा नव्हता असे नाही. १९८४ च्या दुरुस्तीने संगणकीय आज्ञावलीला कॉपीराइटचे संरक्षण दिले. १९९४ च्या दुरुस्तीने कलम ६३-ब आणले आणि नकली प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यासाठीही किमान सात दिवसांच्या कैदेची तरतूद केली. पण अस्सल कॅसेट जिल्ह्याच्या बाजारात वाजवी दरात मिळावी, याची तजवीज ना कंपन्यांनी केली, ना शासनाने. पुढे डिस्क आल्या, तरी रीत तीच राहिली.

त्यामुळे चोरी समर्थनीय ठरत नाही. तिची किंमत आपल्याच निर्मात्यांनी मोजली. प्लेस्टेशन २ साठी संपूर्णपणे भारतात घडलेला पहिला खेळ, 'हनुमान: बॉय वॉरियर', २००९ मध्ये आला, तोवर फुकटाची सवय ग्राहकाच्या अंगवळणी पडली होती.

दुसरी हानी स्मृतीची आहे. २०१० पूर्वी अमेरिकेत प्रसिद्ध झालेले ८७ टक्के खेळ आता बाजारात अधिकृतपणे मिळत नाहीत, असे तेथील २०२३ च्या अभ्यासात आढळले. अधिकृत प्रत नाहीशी होते आणि नकली तेवढी उरते, हा विपर्यास आहे. आपल्याकडे १९५४ च्या कायद्यानुसार प्रत्येक प्रकाशित पुस्तकाची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयात जमा होते. हेच बंधन भारतात प्रकाशित होणाऱ्या खेळांवरही घालावे. प्रोत्साहनाची भाषा करणाऱ्या शासनाने एवढे तरी करावे. अन्यथा उद्याच्या इतिहासकाराला पुरावा म्हणून माझ्या कपाटातील ती निनावी कॅसेटच हाती लागेल.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी आहेत.)