चाकूरकरांनो, दिवसातली वीस मिनिटं काढा

योगाचा विषय निघाला की आपल्या भागात एक उत्तर ठरलेलं असतं. “आम्ही दिवसभर रानात राबतो, आम्हाला कशाला पाहिजे योग?”

बोलणं खोटं नाही. पण जरा तुमच्याच घरात बघा. सोयाबीनची खुरपणी असो की काढणी, बाई सकाळपासून दिवस मावळेपर्यंत कमरेत वाकलेली. दुकानदार गल्ल्यावर बसून. नोकरीवाला मोटारसायकलवर लातूरला अप-डाउन करतोय. पोरगं पुस्तकावर नाही तर मोबाइलवर मान टाकून.

काम प्रत्येकाचं वेगळं, पण एकेका कामात शरीराचा एकच भाग राबतो. बाकीचं अंग आखडून जातं. कष्टानं ताकद येते, पण आखडलेलं अंग मोकळं होत नाही. त्यासाठी वेगळा वेळ द्यावा लागतो. म्हणून ही विनंती: दिवसातली वीस मिनिटं काढा. जास्त नकोत.

आधी मुहूर्ताचं बोलू

२१ जून हा आंतरराष्ट्रीय योग दिन. संयुक्त राष्ट्रांनी तो २०१४ साली ठरवला आणि २०१५ पासून जगभर साजरा होतो. २०१९ साली राज्याचा मोठा कार्यक्रम आपल्या शेजारी नांदेडलाच झाला.

पण ही तारीख आपल्याकडे कधी येते? मृग सरून आर्द्रा लागायच्या बेताला. पाऊस झालेला असला तर त्या दिवशी चाड्यावर मूठ असते. नसला तर जीव आभाळाकडे. म्हणून शेतकऱ्याच्या घरात योग दिन येतो आणि जातो.

वाईट वाटून घेऊ नका. योगाला एका दिवसाचा कार्यक्रम लागत नाही. पेरणी उरकली, की त्यानंतरच्या कुठल्याही पहाटे सुरुवात करा. दुकानदार आणि विद्यार्थ्यांना तर तीही अडचण नाही.

योग कशासाठी, हे आधी समजून घ्या

बऱ्याच जणांना वाटतं, पायाच्या अंगठ्याला नाक लागलं म्हणजे योग आला. टीव्हीवर बघून तसं वाटणारच. पण पतंजलींनी योगाची आठ अंगं सांगितली, त्यात आसन तिसरं आहे. त्यांच्या दोनशेच्या आत-बाहेर असलेल्या सूत्रांत आसनावर थेट बोलणारी सूत्रं जेमतेम तीन. आणि त्यांचं सांगणं सोपं आहे. बैठक स्थिर हवी आणि सुखाची हवी.

आसनाच्या आधीची दोन अंगं आहेत यम आणि नियम. म्हणजे वागणूक. कुणाला दुखवू नका, खोटं बोलू नका, दुसऱ्याचं घेऊ नका, गरजेपेक्षा जास्त साठवू नका. स्वच्छ राहा, आहे त्यात समाधान माना.

आता विचार करा. सकाळी अर्धा तास आसनं केली आणि नऊ वाजता बांधावरून भावकीत शिवीगाळ केली, तर त्या अर्ध्या तासाचा उपयोग काय? कंबर मोकळी झाली असेल, तेवढंच. शरीर आणि श्वास हाती धरून मन ताब्यात आणायचं, हे योगाचं खरं काम.

कुणी आधी डॉक्टरांना विचारावं

वडवळ नागनाथचं औषधी वनस्पतींचं बेट आपल्याच तालुक्यात आहे. एकाला लागू पडलेला पाला दुसऱ्याला तसाच द्यायचा नसतो, हे जाणती माणसं जाणतात. आसनांचंही तसंच.

बीपी किंवा हृदयाचा त्रास असेल तर श्वास रोखून धरू नका. कपालभाती, भस्त्रिका असे जोराचे प्रकार करू नका.

काचबिंदू असेल तर डोकं खाली जाणारं कुठलंच आसन नको.

गादी सरकली असेल, पाठीतून पायात कळ जात असेल, तर पुढं वाकायची आसनं डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.

हर्निया असेल, अलीकडे ऑपरेशन झालं असेल, पोटुशी असाल, तर आधी सल्ला घ्या. मगच सुरुवात करा.

गुडघे दुखत असतील तर मांडी किंवा वज्रासनाचा हट्ट सोडा. खुर्चीवर बसा.

साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेत असाल, तर फार वेळ उपाशीपोटी करू नका. घाम फुटला, हातपाय थरथरले, तर लगेच थांबा आणि साखर किंवा गूळ तोंडात टाका.

आणि एक पक्कं ध्यानात ठेवा. योग सुरू केला म्हणून चालू गोळी स्वतःहून बंद करायची नाही. कमी करायची की नाही, ते डॉक्टर ठरवतील.

बीपी तपासायला लांब जायची गरज नाही. गावच्या उपकेंद्रात, म्हणजे आता ज्याला आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात तिथं, बीपी आणि साखर बघतात. योगाचे वर्ग घेणं हाही या केंद्रांच्या कामाचा भाग धरलेला आहे. तुमच्या गावात वर्ग कधी असतो, ते आशाताईला विचारा.

तयारी काय लागते?

फार काही नाही. महागडी मॅट नसली तरी चालेल. सतरंजी किंवा वाकळीची घडी पुरे, फक्त ती सरकता कामा नये. अंगात सैल कपडे हवेत. साडीत अवघड जातं, त्यापेक्षा सलवार बरी. यात लाजण्यासारखं काही नाही.

जागा ओसरी, माळवद, अंगण, कुठलीही चालेल. उन्हाळ्यात मात्र ऊन वर यायच्या आत उरका. पत्र्याच्या खोलीत दुपारी करू नका.

पोट हलकं हवं. जेवण झाल्यावर तीन-चार तास जाऊ द्या. पहाटे उठून, तोंड धुऊन, पोट साफ झाल्यावरची वेळ सगळ्यात चांगली. ती जमत नसेल तर संध्याकाळी जेवणाआधी. वेळ कुठलीही धरा, पण रोज तीच धरा.

वीस मिनिटांत काय करायचं

पहिली दोन मिनिटं नुसतं बसा. डोळे मिटा. श्वास आत येतोय, बाहेर जातोय, एवढंच बघा. मुद्दाम लांबवू नका.

मग सांधे मोकळे करा. मान सावकाश डावीकडे, उजवीकडे. खांदे गोल फिरवा. मनगटं, घोटे फिरवा. याला चार मिनिटं द्या. थंडीच्या दिवसांत आणखी दोन.

आता उभं राहून ताडासन. पायात थोडं अंतर ठेवा. श्वास घेत दोन्ही हात वर न्या. पंजे एकमेकांत गुंतवून वर ताणा. तोल जात असेल तर टाचा उचलू नका, भिंतीजवळ उभे राहा. तीन-चार श्वास थांबा आणि हात खाली आणा. दोनदा करा.

मग पोटावर झोपा. हाताची उशी करून त्यावर कपाळ टेका आणि एक मिनिट पडून राहा. दिवसभर वाकणाऱ्या पाठीला एवढंही बरं वाटतं.

त्यानंतर भुजंगासन. हे नीट वाचा, कारण वाकून काम करणाऱ्यांसाठी फार कामाचं आहे आणि चुकतंही इथंच. तळवे छातीच्या बाजूला टेका, कोपरं अंगाजवळ. श्वास घेत डोकं आणि छाती उचला. बेंबी जमिनीलाच राहू द्या. मान मागं टाकू नका, नजर समोर ठेवा. आता एक करून बघा. तळवे जमिनीपासून बोटभर उचला. छाती जिथं राहील, तेवढीच तुमच्या पाठीची आजची ताकद. त्याच्या वर अंग गेलं होतं ते हातांच्या जोरानं. कंबर तिथंच दुखावते. तेवढ्यावरच तीन श्वास थांबा, खाली या. तीनदा करा.

आता पाठीवर वळा. एक गुडघा दोन्ही हातांनी पोटाशी धरा. डोकं खालीच राहू द्या. तीन श्वास. मग दुसरा पाय.

मग पाठीवरच शवासन, तीन-चार मिनिटं. हात-पाय सैल, डोळे मिटलेले. हे टाळू नका. “नुसतं पडून काय मिळतं?” म्हणून घाईची माणसं हेच सोडतात. आणि नेमकी त्यांनाच याची गरज असते.

शेवटी बसून अनुलोम-विलोम. उजव्या अंगठ्यानं उजवी नाकपुडी बंद करा, डावीनं श्वास घ्या. मग अनामिकेनं डावी बंद करा, उजवीनं सोडा. उजवीनं घ्या, डावीनं सोडा. हे एक आवर्तन झालं. अशी पाच-सात करा. श्वास रोखू नका. आवाज येऊ देऊ नका. सर्दीनं नाक चोंदलं असेल तर त्या दिवशी राहू द्या.

संपलं. एवढंच महिनाभर करा. नवं काही घालू नका.

एकच नियम पाळा

कुठं थांबायचं, ते श्वास सांगतो. आसनात श्वास अडकला, धाप लागली, दात-ओठ आवळले गेले, तर तुम्ही तुमच्या हद्दीच्या पुढं गेलात. एक पाऊल मागं या.

ताण जाणवणं ठीक आहे. कळ येणं ठीक नाही. सांध्यात टोचलं, मुंग्या आल्या, चक्कर आली, छातीत दडपलं, तर थांबा. छातीतलं दुखणं बसल्यावरही गेलं नाही तर वाट न बघता दवाखाना गाठा.

शेजारचा किती वाकतो, ते बघू नका. त्याचं वय वेगळं, हाडं वेगळी.

“मला जमणार नाही” म्हणणाऱ्यांसाठी

पुण्याचे बी. के. एस. अय्यंगार जगाला योग शिकवून गेले. तेच लहानपणी सतत आजारी असत. मलेरिया, टायफॉइड, क्षय, सगळं भोगलं. पुढं त्यांनी खुर्ची, पट्टा, लाकडी ठोकळे वापरून म्हाताऱ्या आणि आजारी माणसांकडूनही आसनं करून घेतली. तुम्हीही आधार घ्या. भिंत, खुर्ची, वाकळीची घडी, दोरी, जे हाताशी असेल ते.

आणि “हे सगळं बोलण्यापुरतं” असं वाटत असेल, तर लोणावळ्याचं कैवल्यधाम आठवा. स्वामी कुवलयानंदांनी, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे यांनी, ते १९२४ साली काढलं. त्या काळात त्यांनी क्ष-किरण आणि रक्तदाब मोजायची यंत्रं लावून आसनं तपासली. ऐकीव गोष्टींवर भागवलं नाही. तुम्हीही तसंच पारखून घ्या.

शिकवणारा कसा ओळखायचा?

पहिले काही दिवस समोर बसून शिका. मोबाइलवरचा माणूस तुमची चूक बघू शकत नाही.

चांगला शिक्षक आधी तुमची दुखणी विचारतो. अंग ओढून वाकवत नाही. “महिन्यात साखर बंद, गोळी बंद” असा शब्द देणाऱ्यापासून लांब राहा.

कुणाला ओंकार म्हणायचा नसेल तर नका म्हणू. आसनं आणि श्वास कुठल्याही धर्माच्या माणसाला चालतात. नमाजातली बसण्याची बैठक वज्रासनासारखीच असते. त्यामुळे कुणीही परकं समजू नये.

घरातल्यांना चार शब्द

घरात योगाला सगळ्यात कमी वेळ मिळतो तो सुनेला आणि सासूला. पहाटे उठून चूल, पाणी, डबे. मग रान. म्हणून घरातल्या पुरुषांनो, सकाळचा चहा तुम्ही ठेवा. मुलांना तुम्ही उठवा. तिची वीस मिनिटं तिला द्या. पाळीच्या दिवसांत तिनं नुसता श्वासाचा भाग केला तरी पुष्कळ.

लातूरला शिकणाऱ्या पोरांनो, तुमचं दिवसभर बसणं होतं. दर तासाला उठून खांदे, मान मोकळी करा. रात्री झोप लागत नसेल तर मोबाइल लांब ठेवून शवासन करा. आई-वडिलांनो, “योगानं मार्क वाढतील” असं सांगून त्यांच्यावर आणखी एक ओझं टाकू नका.

भाव पडला, पाऊस गेला, हप्ता थकला, की काळजी मन खाते. योगानं कर्ज फिटत नाही, हे खरं सांगितलंच पाहिजे. डोकं थोडं शांत राहतं आणि पुढचा विचार करता येतो, एवढं होतं. पण आठवडेच्या आठवडे झोप नसेल, जगणं नको वाटत असेल, तर एकट्यानं सोसू नका. घरात बोला, डॉक्टरांकडे जा. टेली-मानस या सरकारी सेवेला १४४१६ वर फोन करा. मराठीत बोलता येतं.

मोजायचं काय?

खंड पडेल. लग्नसराई येईल, काढणी येईल. चार दिवस चुकले तर पाचव्या दिवशी पुन्हा बसा. दिवसाला पाच मिनिटंच मिळाली तर श्वास आणि शवासन करा. एक दिवस तासभर आणि मग आठवडाभर काही नाही, असं मात्र नको.

तीन महिन्यांनी स्वतःला विचारा. झोप बरी लागते का? जिना चढताना धाप कमी लागते का? राग आल्यावर तोंड उघडायच्या आधी मी थांबतो का?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर स्वतः देऊ नका. ते घरातल्यांना विचारा. “हो, जरा फरक आहे,” असं ते म्हणाले, तर तुमचा योग बरोबर चालला आहे. मग हात पायाच्या अंगठ्याला लागो किंवा न लागो.